देशी मोटारीचा ध्यास

जुनी मोटार रस्त्यावर चालती ठेवायची, तर दोन गोष्टी लागतात. तिचे अंतरंग ओळखणारा हात हवा आणि झिजलेला भाग बदलायला नवा भाग हवा. हिंदुस्थानात मोटार आली, त्यानंतर थोड्याच काळात पहिली गोष्ट इथल्या लोहार-सुतारांनी आणि फिटरांनी साध्य केली. दुसरी मात्र कित्येक वर्षे परदेशातून बोटीने येत राहिली. बोट आली नाही, तर उत्तम कारागीरही हतबल होत असे. मोटार आणि तिचे सुटे भाग याच भूमीत घडले पाहिजेत, या ध्यासाने आयुष्याची अखेरची वर्षे वेचणारे उद्योगपती म्हणजे शेठ वालचंद हिराचंद.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी हे घराणे मूळचे गुजरातचे, धर्माने जैन. परंतु व्यापारानिमित्त महाराष्ट्रात येऊन ते सोलापूरकर झाले होते. जन्मानंतर अल्पावधीतच मातृछत्र हरपले. शालेय शिक्षण सोलापुरात आणि पुढचे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. पण पदवी हाती येण्यापूर्वीच ते व्यवसायात उतरले. वडिलोपार्जित सावकारी व कापसाच्या व्यापारात मात्र त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील कारकुनी सोडून कंत्राटदारीकडे वळलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात केली. पुढे भोर घाटातील बोगद्यांसारखी अवघड कामे त्यांच्या हाताखाली पार पडली.

या कंत्राटदारीने वालचंदांना जो धडा दिला, तो पुढे जन्मभर उपयोगी पडला. डोंगर फोडणाऱ्या कामात यंत्र बंद पडले की शेकडो मजूर बसून राहतात, पावसाळा तोंडावर येतो आणि नफ्याचे गणित कोलमडते. यंत्र विकत घेणे ही निम्मीच गोष्ट. ते चालते ठेवण्याची सोय आपल्या आवाक्यात असणे ही उरलेली निम्मी. त्यांनी पुढे काढलेल्या उद्योगांची यादी पाहिली, तर हेच सूत्र दिसते. रावळगाव आणि वालचंदनगर येथे त्यांनी उसाची शेती केली, साखर कारखाने उभारले. आणि वालचंदनगर तर पुढे साखर कारखान्यांची यंत्रसामग्री घडविणारे केंद्र बनले.

पहिले महायुद्ध संपताच त्यांनी नरोत्तम मोरारजी यांच्यासमवेत सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. इंग्रज बोट कंपन्यांनी वाहतुकीचे दर पाडून या नव्या कंपनीचा गळा आवळण्याचा प्रयत्न केला. सिंदिया कंपनी त्यातून तगली. परंतु ज्याच्या हाती गोदी, कारखाना आणि सरकार आहे त्याच्याशी केवळ विकत घेतलेल्या बोटीच्या बळावर झुंजता येत नाही, हे वालचंदांना पुरते उमगले.

मोटारीच्या क्षेत्रातही तेव्हा हेच चित्र होते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत जुळणीचा कारखाना काढला. पाठोपाठ फोर्डही आली. खोक्यांतून आलेले भाग इथे जोडले जात आणि गाडी बाहेर पडे. एंजिन, गिअर, धुरा यांपैकी काहीच इथे घडत नसे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहून देशी मोटार कारखान्याची योजना आखली. मुंबई प्रांतातील तत्कालीन काँग्रेस सरकारने तिला अनुकूलता दर्शविली आणि भांडवल व साहस घेऊन वालचंद पुढे सरसावले. १९३९ मध्ये ते त्यासाठी अमेरिकेला गेले. १९४० मध्ये क्रायस्लर कंपनीशी बोलणी सफल झाली.

परंतु दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. प्रांतातील काँग्रेसचे सरकार पायउतार झाले आणि दिल्लीच्या इंग्रज सरकारने या योजनेला पाठबळ देण्यास नकार दिला. युद्धासाठी हजारो वाहनांची गरज असताना ती परदेशातून मागवणे सरकारला अधिक सोयीचे वाटले. योगायोग असा की, मोटारीसाठी केलेल्या याच प्रवासात वालचंदांची एका अमेरिकन विमान व्यावसायिकाशी गाठ पडली आणि त्यातून म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. विमान कारखाना १९४२ मध्ये सरकारने आपल्या ताब्यात घेतला. आकाश आणि सागर दोन्हीकडे पाऊल पडले. जिच्यासाठी घर सोडले होते ती मोटार तेवढी मागे राहिली.

वालचंदांनी तिचा पिच्छा सोडला नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीची स्थापना झाली आणि मुंबईत कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ मध्ये वाहने बाहेर पडू लागली. डॉज, डिसोटो, प्लिमथ या मोटारी आणि डॉज व फार्गो हे ट्रक ही सुरुवातीची वाहने. तीही प्रथम परदेशी भाग जोडूनच बनत. परंतु एकेक भाग इथे तयार करीत जाण्याचे धोरण आरंभापासून होते. या सुमारास इटलीच्या फियाट कंपनीशीही संबंध जुळले. मात्र अखेरच्या वर्षांत पक्षाघाताने वालचंदांना जखडले. कारभार बंधू लालचंद व इतर आप्तांकडे गेला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या ध्यासाचे खरे फळ त्यांच्या मागे दिसले. १९५३ मध्ये जकात आयोगाने अशी शिफारस केली की, ज्यांना इथे टप्प्याटप्प्याने भाग घडवायचे आहेत अशाच कंपन्यांनी या देशात मोटारी बनवाव्यात. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला, प्रीमियर टिकली. १९५४ पासून फियाट ११०० ही मोटार कुर्ल्यात बनू लागली. १९६४ मध्ये तिचे नवे रूप आले आणि १९७४ पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मध्यमवर्गीय घरापुढे उभी राहिलेली आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने मुंबईभर फिरलेली गाडी ती हीच.

या गाडीने दोन पिढ्यांना दुरुस्ती शिकवली, हे तिचे मोठे सामाजिक कार्य मानावे लागेल. १,०८९ सीसीचे चार सिलिंडरचे एंजिन, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि भोवती हात शिरेल एवढी मोकळी जागा, अशी तिची सुटसुटीत रचना होती. गाडी सुरू होत नसेल, तर शोध कोठून घ्यायचा याची एक परिपाठीच पडून गेली होती. आधी बॅटरी पाहायची. दिवे मंद जळत असतील, तर टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन जोडणी घट्ट करायची. मग ठिणगी. प्लग काढून काजळी तारेच्या ब्रशाने साफ करायची आणि डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट जळले असतील, तर ते पॉलिश पेपरने हलकेच घासून त्यांतील फट पुन्हा बसवायची. ठिणगी ठीक असेल, तर पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते का ते पाहायचे आणि जेटमध्ये कचरा अडकला असेल, तर तो फुंकून काढायचा. एंजिनाला ठिणगी, इंधन आणि हवा हवी. तिन्ही योग्य वेळी मिळत असूनही ते चालत नसेल, तरच गॅरेज गाठायचे.

उन्हाळ्यात घाट चढताना गाडी अचानक बंद पडली, तर पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडला असे ओळखून पंपावर ओले फडके टाकून थोडा वेळ थांबायचे, ही युक्ती तर घरोघरी ठाऊक होती. तापलेल्या रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये, जादा फॅन बेल्ट डिकीत ठेवावा, ही शहाणपणेही त्याच शाळेतली. सुटे भाग गावोगावच्या दुकानांत मिळत असल्यामुळेच या ज्ञानाला अर्थ होता. भाग मुंबईत घडत होता, म्हणून तो लांबच्या तालुक्याच्या गावीही मिळू शकत होता. वालचंदांनी मांडलेल्या गणिताची ही उत्तरपंक्ती होती.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परवाना राज्यात स्पर्धा उरली नाही. ग्राहकाला गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली आणि पन्नाशीच्या दशकातील रचना पुढे चार दशके जवळजवळ तशीच विकली गेली. मालक दुरुस्तीत तरबेज झाला, त्याचे एक कारण गाडी वारंवार बिघडत होती हेही होते. १९८३ मध्ये मारुती आली, नव्वदीच्या दशकात बाजार खुला झाला आणि विसावे शतक संपता संपता पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरची तिची अखेरची टॅक्सी वयोमर्यादेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली.

आजच्या मोटारी अधिक सुरक्षित आहेत, कमी इंधनात अधिक धावतात आणि क्वचितच बंद पडतात. पण बॉनेट उघडले की प्लॅस्टिकचे आवरण दिसते आणि दोष शोधायला संगणक जोडावा लागतो. दुरुस्तीची माहिती आणि भाग ग्राहकाला मिळावेत, यासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. शंभर वर्षांपूर्वी सुटा भाग बोटीत अडकत असे, आज दोषाची माहिती सॉफ्टवेअरच्या कुलपात अडकते, एवढाच फरक. घाटात यंत्र अडले की काम अडते, हे वालचंद तरुणपणीच शिकले होते. जी वस्तू आपल्याला उघडता येत नाही आणि जिचा भाग आपल्याला मिळत नाही, ती पैसे मोजूनही पुरती आपली होत नाही. सोलापूरच्या या जिद्दी माणसाने आयुष्याची किंमत देऊन ओळखलेले हे सत्य नव्या मोटारींच्या जमान्यातही जुने झालेले नाही.