डॉक्टर थिओडोर कोखर

थिओडोर कोखर यांचा जन्म स्वित्झर्लंड देशात बर्न शहरी ता. २५ ऑगस्ट १८४१ रोजी झाला. वडील इंजिनियर होते. आई मोरेव्हियन मंडळीची सभासद असून मोठी भक्तिमान बाई होती. तिने लाविलेले वळण कोखर यांनी जन्मभर सोडले नाही. बर्न येथेच ते वैद्यकी शिकले व १८७२ साली तेथील विद्यापीठात शस्त्रविद्येचे प्राध्यापक नेमले गेले.

त्या देशाच्या डोंगरी खोऱ्यांतील माती व पाणी यांत आयोडीन फार थोडे. त्यामुळे तेथे गलगंडाचा आजार पुष्कळांस जडे. गळ्यातील थायरॉइड नावाची ग्रंथी फुगून श्वासनलिका दाबली जाई व रोगी गुदमरे. परंतु त्या ग्रंथीत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. ती कापू गेल्यास रक्त आवरत नसे, आणि कापणे टळले नाही तर जखम सडून माणूस दगावे. कोखर यांनी घाईला रजा दिली. एकेक रक्तवाहिनी चिमट्यात धरून बांधावी, हत्यारे व हात स्वच्छ राखावे, आणि मगच सुरी पुढे न्यावी, असा त्यांचा नेम असे. रोगी वाचू लागले व दूरदूरचे लोक बर्नची वाट धरू लागले.

सन १८७४ च्या जानेवारीत त्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची थायरॉइड ग्रंथी समूळ काढिली. जखम उत्तम भरली व मुलगी बरी होऊन घरी गेली. पुढे तिकडच्या डॉक्टरांनी कळविले की, मुलीचा स्वभाव पालटला असून ती मंद झाली आहे. कोखर यांनी त्या गोष्टीकडे तेव्हा फारसे लक्ष दिले नाही. परंतु १८८२ साली जिनिव्हाचे शस्त्रवैद्य रेव्हर्डिन यांनी आपल्या रोग्यांतही असाच पालट दिसल्याचे त्यांस सांगितले. तेव्हा मात्र कोखर स्वस्थ बसले नाहीत. बरे झाले म्हणून ज्यांस निरोप दिला होता, त्या सर्वांस त्यांनी परत बोलाविले.

ती मुलगी आली. वय विशीला टेकलेले, पण उंची खुंटलेली, चेहरा सुजकट व बुद्धी मंद. तिची धाकटी बहीण मात्र धडधाकट तरुणी झालेली होती. समूळ ग्रंथी काढिलेल्या ३४ जणांपैकी १८ जण तपासावयास मिळाले. त्यांतील १६ जणांची कमीअधिक अशीच दशा झाली होती. थंडी सोसेना, हातपाय जड, बोलणे संथ, केस विरळ. शस्त्रक्रिया सफल झाली होती, आणि तिनेच माणूस खचविला होता.

ही गोष्ट झाकणे सोपे होते. रोगी दूर खेड्यांत विखुरलेले होते. परंतु एप्रिल १८८३ मध्ये बर्लिन येथे शस्त्रवैद्यांच्या परिषदेत कोखर यांनी सर्व आकडे मांडिले, आणि साध्या गलगंडासाठी समूळ ग्रंथी यापुढे कधीही काढावयाची नाही, असा निश्चय केला. ह्या दशेचे कारण श्वासनलिकेच्या दोषात आहे, हा त्यांचा तर्क मात्र चुकला. लंडनचे डॉक्टर सेमन यांनी ग्रंथीचा अभाव हेच कारण असावे असे सुचविले, व हॉर्स्ले यांनी माकडांवरील प्रयोगांनी त्यास पुष्टी दिली. १८९१ साली न्यूकॅसलचे डॉक्टर मरे यांनी थायरॉइडच्या अभावाने खंगलेल्या एका ४६ वर्षांच्या बाईस मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचिला. ती बाई पुढे १९१९ सालापर्यंत जगली.

कोखर यांनी आपली रीत सुधारीत नेली. १८८३ पूर्वी त्यांच्या गलगंडाच्या रोग्यांपैकी शेकडा सुमारे १३ दगावत. अखेरीस ते प्रमाण शेकडा अर्ध्याहूनही खाली आले. १९०९ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. तो मान मिळविणारे ते पहिले शस्त्रवैद्य होत. ता. २७ जुलै १९१७ रोजी बर्न येथे त्यांचा अंत झाला.

आज कर्करोगासारख्या कारणासाठी समूळ ग्रंथी काढावी लागली, तरी रोजच्या थायरॉक्सिनच्या गोळीने माणूस नीट राहतो; मात्र ती गोळी जन्मभर घ्यावयाची असते. बरे वाटते म्हणून ती सोडणाऱ्यास कोखर यांच्या रोग्यांची दशा पुन्हा गाठते. ग्रंथीच्या मागे मसुराच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, निराळ्या ग्रंथी असतात. त्यांस धक्का लागल्यास रक्तातील कॅल्शियम उतरते आणि ओठांस व बोटांस मुंग्या येऊन हातांस पेटके येतात. जवळच्या मज्जातंतूस इजा झाल्यास आवाज बसतो. असे काही दिसल्यास डॉक्टरांस त्वरित कळवावे. शस्त्रक्रियेनंतर गळा फुगून श्वास कोंडू लागल्यास तर क्षणाचाही विलंब लावू नये.

वाचकहो, कोखर यांचा हात कुशल होता खरा. परंतु ज्यांचे आपण भले केले असे त्यांस वाटत होते, त्यांचे पुढे काय झाले हे पाहावयास ते मागे वळले, आणि जे दिसले ते त्यांनी लपविले नाही. आपल्या गावात कोणी शस्त्रक्रिया करून परतला असेल, तर जखम भरली एवढ्यावर समाधान मानू नये. महिन्याने जावे, वर्षाने जावे, आणि गोळी चालू आहे ना, एवढे तरी विचारावे.