कलासंग्रहाचा राजा : सयाजीराव गायकवाड

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात ११ मार्च १८६३ रोजी एका शेतकरी कुटुंबात गोपाळरावांचा जन्म झाला. २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले आणि हा खेड्यातील मुलगा बडोद्याच्या गादीचा वारस, सयाजीराव गायकवाड तिसरे, झाला. १८८१ मध्ये राज्यकारभाराची सूत्रे हाती आल्यानंतर त्यांनी जी कामे केली, त्यांतील सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि गावोगावची ग्रंथालये सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या कलाप्रेमाची कथा मात्र तुलनेने कमी सांगितली जाते.

राजा रविवर्मा यांच्याकडून त्यांनी पौराणिक विषयांवरील चित्रे करवून घेतली. बडोद्याच्या कमाठीबागेत १८९४ मध्ये संग्रहालयाची इमारत उभी राहिली. परदेशप्रवासात युरोपातील कलादालने पाहिलेल्या महाराजांना तशी चित्रे आपल्या प्रजेलाही पाहता यावीत, असे वाटत होते. त्यासाठी संग्रहालयाशेजारी चित्रदालनाचे बांधकाम १९०८ मध्ये सुरू झाले. युरोपीय चित्रांच्या निवडीसाठी इंग्लंडमधील कलासमीक्षक स्पिलमन यांचे साहाय्य घेण्यात आले.

१९१४ मध्ये इमारत पूर्ण झाली आणि त्याच वर्षी पहिल्या महायुद्धाचा भडका उडाला. जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजेही बुडवू लागल्या. एकदा समुद्रतळाशी गेलेले चित्र कोणत्याही खजिन्यातून भरून येणारे नव्हते. दालनासाठी घेतलेली चित्रे युद्धामुळे युरोपातच अडकून पडली आणि नवी वास्तू त्यांची वाट पाहत राहिली. या काळातही महाराजांचे विद्याकार्य थांबले नाही. प्राचीन हस्तलिखितांच्या संपादनाची गायकवाड प्राच्य ग्रंथमाला १९१६ मध्ये, म्हणजे ऐन युद्धातच सुरू झाली. शांतता प्रस्थापित झाल्यावर चित्रे बडोद्यास पोहोचली आणि १९२१ मध्ये दालन लोकांसाठी खुले झाले. सात वर्षांचा विलंब झाला, पण संग्रह बडोद्याला लाभला.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. त्यानंतर सातच महिन्यांत युरोप पुन्हा युद्धात ओढला गेला.

वैनगंगेकाठच्या मार्कंडा मंदिरांतील शिल्पे किंवा भद्रावतीची विजासन लेणी हलवून सुरक्षित जागी नेता येत नाहीत. त्यांचे रक्षण जागेवरच करावे लागते. संग्रहालयातील वस्तू असो वा अरण्यातील शिल्प, तो पुढच्या पिढीचा ठेवा आहे, ही जाणीव ठेवणारा राज्यकर्ता म्हणून सयाजीरावांचे स्मरण चंद्रपूर-गडचिरोलीतही व्हायला हवे.