बारामतीचा मोर

हॉस्टेलला येऊन दोन वर्षं झाली तरी बारामती म्हणजे मेस, झेरॉक्सचं दुकान आणि एस.टी. स्टँड एवढंच मला माहीत होतं. दिवाळीत इंदापूरला गेलो तेव्हा आजीने विचारलं, मोरोपंतांच्या गावात राहतोस, मग त्यांचं काय पाहिलंस? मी गप्प. कॉन्व्हेंटमध्ये मराठी आमच्या वाट्याला आठवड्यातून मोजके तास आलेलं. सबमिशन संपल्यावर एका रविवारी रूममेटला घेऊन निघालो.

आधी सिद्धेश्वर, मग काशीविश्वेश्वर. दोन्ही शंकराची जुनी देवळं. आत शिरलं की बाहेरचे हॉर्न ऐकूच येत नाहीत. जवळच कऱ्हा, आणि काठावर बाबूजी नाईकांचा भुईकोट किल्ल्यासारखा वाडा. आमच्या चरित्रनायकाची बरीचशी हयात याच परिसरात गेली.

मोरोपंत रामचंद्र पराडकर मूळचे बारामतीचे नव्हेत, हे मला तोवर माहीत नव्हतं. घराणं कोकणातलं, जन्म १७२९ साली पन्हाळ्याला. तिथेच केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंकडे त्यांनी संस्कृत काव्य आणि शास्त्रं शिकून घेतली. वडील बारामतीकर नाईकांच्या नोकरीत, म्हणून चोविशीच्या सुमारास तेही इकडे आले. म्हणजे आपल्यासारखेच बाहेरगावचे!

हे नाईक म्हणजे साधी असामी नव्हे. थोरल्या बाजीरावांना कर्ज देणारे सावकार, शिवाय त्यांच्या बहिणीचे दीर. १७४० मध्ये बाजीराव वारल्यावर पेशवाई बाबूजींना मिळावी म्हणून नागपूरकर रघूजी भोसल्यांनी खटपट केली होती. ती फसली. पेशवाई मिळाली असती तर बाबूजी बारामतीत किती राहिले असते, आणि पंतांना असा निवांत आश्रय कुठे मिळाला असता, कोण जाणे!

पंतांचं काम पुराण सांगायचं. सांगता सांगता ते लिहीत गेले आणि चाळीस वर्षं थांबलेच नाहीत. त्यांची आवडती आर्या खरं तर बहुतेक ठिकाणी 'गीति' आहे. प्रत्येक ओळीत ३० मात्रा, म्हणजे एका आर्येत ६०. आर्याभारतात अशा सुमारे १७ हजार आर्या. आम्ही देवळाच्या पायरीवर बसून गुणाकार केला: १० लाख २० हजार मात्रा! कॅल्क्युलेटर नाही, बॅकस्पेस नाही, बोरू आणि दौत. त्याशिवाय १०८ रामायणं लिहिल्याची ख्याती वेगळीच. त्यातल्या 'निरोष्ठ रामायणा'त ओठ मिटून उच्चारायचं एकही अक्षर नाही. प, फ, ब, भ, म सगळे बाद. आता गंमत बघा, रामायण लिहायचं आणि 'राम' म्हणायचं नाही, कारण 'म' आला की ओठ मिटलेच. रूममेट अर्धा तास ओठ न मिटता बोलायचा प्रयत्न करत होता. एक वाक्य धड जमलं नाही.

पण यावरूनच त्यांच्यावर टीकाही झाली. ही कविता की नुसती कसरत? निबंधमालेत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांची बाजू हिरीरीने मांडली. खरं सांगतो, आर्याभारत उघडल्यावर मी तिसऱ्या पानावर दमलो. समास सुटेनात. टीकाकारांचं अगदीच चुकलं असं मला तरी म्हणवत नाही.

केकावली मात्र वेगळी आहे. केका म्हणजे मोराची हाक. मोरोपंत म्हणजे मयूर, म्हणून आपल्या देवाला घातलेल्या हाकांना त्यांनी हे नाव दिलं. सव्वाशेच्या आसपास श्लोक, पृथ्वी वृत्तात. इथे विद्वत्ता आहेच, पण माणूस देवाशी चक्क भांडतो. इतर पाप्यांना तारलंस, मग माझ्याच वेळी उशीर का, असा हिशोब मागतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या वाड्यात राहिलेला हा पंडित इथे कुणाची भीड ठेवत नाही. मला अर्थ आजीने फोनवर सांगितला, एकेक श्लोक. माझे चार रिचार्ज त्यात गेले.

काशीविश्वेश्वर गावातच असूनही पंत खऱ्या काशीला जाऊन आले. गंगेवरही त्यांनी रचना केल्या. परत आले ते बारामतीलाच, आणि १७९४ च्या चैत्री पौर्णिमेला इथेच वारले. पुढे छापखाने आले आणि त्यांच्या आर्या शाळाशाळांत पोचल्या. आजीला त्या अजून पाठ आहेत. शाळेत तिने छडी खाऊन पाठ केल्या होत्या म्हणे.

आता आजी बारामतीला येणार आहे. गुडघे दुखतात, तरी देवळाच्या पायऱ्या चढणारच म्हणते. रविवार ठरलाय, रूममेटने रिक्षा सांगून ठेवलीय.