दिव्यावरची सही

एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कमध्ये टिफनी हे नाव उच्चारलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हिरे आणि चांदी यायची. चार्ल्स टिफनी यांनी १८३७ साली थाटलेलं दुकान बघता बघता अमेरिकेतली सर्वांत नामांकित जवाहिऱ्याची पेढी झालं होतं. अशा माणसाच्या घरी १८ फेब्रुवारी १८४८ रोजी मुलगा जन्मला, तेव्हा त्याचं भविष्य सांगायला ज्योतिषी लागलाच नसता. गादी तयार, गिऱ्हाईक तयार. नुसतं जाऊन बसायचं. पण लुई कम्फर्ट टिफनी यांना गल्ल्यावर बसायचं नव्हतं. त्यांना चित्रं काढायची होती.

वडिलांनी आडकाठी केली नाही. लुई पॅरिसला जाऊन शिकले, उत्तर आफ्रिकेत फिरले. तिथलं ऊन, तिथल्या बाजारांतले रंग त्यांच्या मनात कायमचे वस्तीला आले. चित्रकार म्हणून नावही होऊ लागलं. पण कॅनव्हासवरच्या रंगाची एक मर्यादा असते. त्याच्यावर उजेड पडतो, त्याच्यातून आरपार जात नाही. लुईंना आरपार उजेडाचा रंग हवा होता, आणि तो त्यांना काचेत सापडला.

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरखालच्या ग्रंथालयात जे गेले असतील, त्यांना रंगीत काचेच्या खिडक्या ठाऊक असतील. १८७८ साली पुऱ्या झालेल्या या इमारतीतल्या काचांचं जतनाचं मोठं काम २०१५ मध्ये पार पडलं. युरोपातली जुनी रीत साधारण अशी : रंगीत काचेचे तुकडे कापायचे, त्यांच्यावर चेहरे, घड्या, सावल्या काळपट रंगाने रंगवायच्या, ते भट्टीत भाजून रंग पक्का करायचा आणि मग तुकडे शिशाच्या खाचेच्या पट्ट्यांत बसवून जोडायचे. शेकडो वर्षं असंच चाललं होतं.

लुईंना ती रंगवारंगवी मान्य नव्हती. काचेवर ब्रश फिरवला की उजेड अडतो. मग चित्र काचेवर का काढायचं, काचेतच का असू नये? वितळलेल्या काचेत निरनिराळे रंग ओतून, ढवळून त्यांनी दुधाळ, ढगाळ काच तयार करून घेतली. एकाच तुकड्यात संध्याकाळचं अख्खं आकाश दिसावं अशी. काच गरम असतानाच तिला कापडासारख्या चुण्या घातल्या, म्हणजे देवदूताचा झगा रंगवायची गरज उरली नाही. अशी दुधाळ काच वापरण्यात जॉन ला फार्ज हे दुसरे चित्रकारही पुढे होते. १८८० आणि १८८१ साली दोघांनी आपापली पेटंटं घेतली आणि दोघांमधून विस्तव जाईना.

कामं मात्र धडाक्याने येऊ लागली. मार्क ट्वेन यांचं घर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सजवलं. १८८२ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष आर्थर यांनी व्हाइट हाउस सजवण्याचं काम दिलं आणि तिथल्या दालनात लुईंचा रंगीत काचेचा भलाथोरला पडदा उभा राहिला. तो जेमतेम वीस वर्षं टिकला. १९०२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या काळात नूतनीकरण झालं आणि पडदा निघाला. १८८४ साली पहिली पत्नी मेरी क्षयाने गेली, मागे तीन लहान मुलं ठेवून. पुढच्याच वर्षी लुईंनी काचेची स्वतंत्र कंपनी काढली. दुःखातून उठलेली माणसं कामाला कशी जुंपून घेतात, हे आपण आपल्या आसपासही पाहतो.

१८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्यांनी उभारलेल्या काचेच्या आणि मोझेकच्या प्रार्थनागृहाने लोकांना वेड लावलं. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात स्वतःच्या भट्ट्या सुरू झाल्या. १८९४ मध्ये आपल्या काचेसाठी त्यांनी ‘फाव्रिल’ हे नाव नोंदवून घेतलं. हाताने घडवलेलं, अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दावरून ते घेतलेलं होतं. हाताने घडवलेलं, हे खरंच. पण कोणाच्या हाताने? ते नावात नव्हतं.

खिडक्या करताना तुकडे उरतात. खिडकी एका चर्चला एकच लागते, पण दिवा घरोघरी लागतो. शिवाय वीज नुकतीच घरांत येत होती आणि उघड्या बल्बचा उजेड डोळ्यांना बोचत होता. उरल्यासुरल्या काचेला, नव्या विजेला आणि मध्यमवर्गीय हौसेला एकाच वेळी कामाला लावणारी ती युक्ती होती. माझं आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे या हिशेबाचं मला अंमळ जास्तच कौतुक वाटतं.

पण दिव्याच्या घुमटाकार छत्रीला शिशाच्या जाड पट्ट्या चालत नाहीत. तिथे दुसरी रीत वापरली गेली : प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची कागदाइतकी पातळ पट्टी गुंडाळायची, तुकडे साच्यावर एकमेकांना भिडवायचे आणि तांब्यावर डाख देऊन ते जोडायचे. नखाएवढे तुकडेही त्यामुळे जोडता येतात. जगभर जी हौशी मंडळी घरच्या टेबलावर रंगीत काचेचं काम करतात, त्यांच्यातले बहुतेक जण हीच रीत वापरतात आणि तिला टिफनीचंच नाव देतात.

निवृत्तीनंतर मीही त्यांच्यातलाच एक झालो. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षिका गॅलरीत बसून हे काम करतात. त्यांच्याकडे मी शनिवारी जातो. आधी कागदावर नक्षी काढायची, तुकड्यांना नंबर द्यायचे. मग हिरकणीने काचेवर एकच रेघ ओढायची, पुन्हा गिरवायची नाही. पक्कडीने काच मोडली की ती रेघेवरच तुटते. कडा पाणी टाकून घासायच्या, तांब्याची पट्टी चिकटवायची, डाख द्यायचा. डाखात शिसं असतं म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि चहाला हात लावण्याआधी साबणाने धुवायचे, अशी बाईंची सक्त ताकीद. एका पोपटाच्या पंखाला मला चार शनिवार लागले. सगळ्यांत अवघड असते ती काचेची निवड. हिरवी काच दहा प्रकारची असते, आणि पानासाठी त्यातला कोणता तुकडा, त्याचा कोणता कोपरा घ्यायचा, हे उजेडासमोर धरूनच कळतं. ते कापणाऱ्यालाच कळतं, यंत्राला नाही. आणि म्हणूनच प्रश्न पडतो की टिफनींच्या कारखान्यात ती निवड कोण करत होतं?

त्याचं उत्तर पुष्कळ वर्षं अंधारात राहिलं. १८९२ मध्ये पुरुष कारागिरांनी संप केला तेव्हा लुईंनी काच कापण्यासाठी मुली नेमल्या. सुरुवातीला सहाच होत्या. त्यांच्या प्रमुख होत्या ओहायोहून आलेल्या क्लारा ड्रिस्कॉल. लग्न झालेल्या बाईला तिथे नोकरी नसे. क्लारा लग्न करून बाहेर पडल्या होत्या, पती वारले तेव्हा परत आल्या. या मुली काच निवडत, कापत, तांब्याची पट्टी लावत. डाख देण्याचं काम पुरुषांकडे असे. पुढे पुरुषांच्या संघटनेला ही स्पर्धा खुपू लागली. १९०३ मध्ये पुन्हा तणातणी झाली आणि मुलींची संख्या सत्तावीसच्या वर जाऊ नये, असं ठरलं. लुईंच्या बाजूने सांगायला हवं की त्यांनी तो विभाग मोडीत काढू दिला नाही.

पण क्लारा नुसत्या कापणाऱ्या नव्हत्या. चतुरांचा दिवा त्यांच्या कल्पनेतला. जांभळ्या फुलांचे घोस लोंबणाऱ्या विस्टेरिया वेलीचा, सुमारे दोन हजार तुकड्यांचा दिवाही त्यांचाच. दिव्यांवर शिक्का मात्र एकच असे : टिफनी स्टुडिओज, न्यूयॉर्क. बँकेत साध्या दहा रुपयांच्या व्हाउचरवरही लिहिणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची, अशा दोघांच्या सह्या असतात. एकाची सही नसेल तर व्हाउचर परत येतं. इथे फक्त मालकाचं नाव होतं आणि दिवे वर्षानुवर्षं पास होत राहिले.

काळ फिरला. १९०२ मध्ये वडील गेले. लुईंनी लाँग आयलंडवर लॉरेल्टन हॉल नावाचं प्रचंड घर बांधलं आणि आपल्या उत्तमोत्तम खिडक्या तिथे बसवल्या. पण पहिल्या महायुद्धानंतर लोकांना सरळ रेषा आणि मोकळ्या भिंती आवडू लागल्या. फुलापानांचे दिवे माळ्यावर गेले, कित्येक भंगारात. १९३२ मध्ये टिफनी स्टुडिओजचं दिवाळं निघालं आणि १७ जानेवारी १९३३ रोजी, चौऱ्याऐंशी वर्षांचे लुई गेले, ते आपलीच फॅशन उतरलेली पाहून. १९५७ मध्ये लॉरेल्टन हॉल जळाला. ह्यू आणि जेनेट मॅककीन या दांपत्याने राखेतून खिडक्या आणि खांब वाचवून फ्लोरिडाला नेले. विंटर पार्कच्या संग्रहालयात शिकागोचं ते प्रार्थनागृहही आता पुन्हा उभं आहे. मग वारं पुन्हा फिरलं. १९९७ साली गुलाबी कमळाच्या एका दिव्याला न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे २८ लाख डॉलर मिळाले.

त्या लिलावाच्या वेळीही क्लारांचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी आई आणि बहिणींना लिहिलेली पत्रं ओहायोत आणि क्वीन्समध्ये कागदांच्या गठ्ठ्यांत पडून होती. कोणता दिवा कसा सुचला, कोणत्या मुलीने काय केलं, हे सगळं त्यांत होतं. अभ्यासकांनी ती एकत्र वाचली आणि २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या इतिहास संस्थेने त्यावर प्रदर्शन भरवलं. क्लारा १९४४ मध्ये वारल्या होत्या. म्हणजे सही व्हायला साठाहून जास्त वर्षं लागली.

म्हणून लुई लहान ठरतात असं मला वाटत नाही. काचेकडे चित्र म्हणून पाहायची नजर त्यांची होती, भट्टी पेटती ठेवण्याची जोखीम त्यांची होती, आणि मुलींच्या हातावर विश्वास टाकण्याचं धाडसही त्यांचंच होतं. पण त्या हातांचं श्रेय वेगळं, आणि ते वेगळं मोजायला हवं. हौसेच्या कामात ही अडचण येत नाही. नक्षी आपली, काचेची निवड आपली, डाखही आपलाच. चुकलेल्या कडेचं खापर फोडायलाही दुसरं कोणी नसतं. आमच्या बाई प्रत्येक नव्या शिकाऊ माणसाला काम पुरं झाल्यावर कोपऱ्यातल्या तुकड्यावर स्वतःची आद्याक्षरं कोरायला लावतात. नाव बारीक का असेना, असू द्यावं, असा त्यांचा आग्रह असतो.