पहिल्या पानाची ताकद ओळखणारा माणूस : जोसेफ पुलित्झर

मोबाईलवर बातमी आली की बोट आधी कशावर थांबतं? हेडिंगवर आणि फोटोवर. छापील पेपरात हेच काम पहिलं पान करतं. ही गोष्ट फार आधी ओळखणारा माणूस म्हणजे अमेरिकेतले पेपरमालक जोसेफ पुलित्झर.

पुलित्झर यांचा जन्म १० एप्रिल १८४७ रोजी हंगेरीतल्या माको गावचा. वडील धान्याचे व्यापारी. ते वारले आणि घर अडचणीत आलं. १८६४ मध्ये, सतराव्या वर्षी पोरगा अमेरिकेत पोहोचला. इंग्रजी धड येत नव्हतं. तिथल्या यादवी युद्धात घोडदळात नोकरी केली, नंतर सेंट लुईस शहरात मिळेल ते काम. पुढे एका जर्मन भाषेतल्या पेपरात बातमीदार झाले. १८७८ मध्ये लिलावात निघालेला एक पेपर घेतला आणि तो चालवून दाखवला.

१८८३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कचा 'वर्ल्ड' विकत घेतला. पेपर तोट्यात, खप जेमतेम १५ हजार. त्या वेळी पेपरचं पहिलं पान म्हणजे बारीक अक्षरांच्या उभ्या रांगा. पुलित्झर यांनी हेडिंग छोटी आणि चटकदार केली, भाषा सोपी केली, पहिल्या पानावर चित्रं आणली. त्याच महिन्यात ब्रुकलिनचा पूल सुरू झाला, तेव्हा पुलाचं मोठं चित्र पहिल्या पानावर झळकलं. शहरात परदेशातून आलेले हजारो मजूर होते. इंग्रजी कच्चं असलं तरी चित्र त्यांना कळायचं. किंमत फक्त दोन सेंट. दीड वर्षाच्या आत खप लाखावर गेला.

पहिल्या पानाची खरी ताकद १८८५ मध्ये दिसली. फ्रान्सने भेट दिलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा उभा करायला चौथरा नव्हता, कारण पैसेच जमत नव्हते. 'वर्ल्ड'ने लोकांना हाक दिली आणि वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापायचं ठरवलं, मग वर्गणी कितीही छोटी असो. सुमारे १ लाख २० हजार लोकांनी पैसे दिले. बहुतेकांनी एका डॉलरपेक्षाही कमी दिले. पाच महिन्यांत लाख डॉलर जमले. ऑगस्टमध्ये ही बातमी पहिल्या पानावरच आली.

पण याच ताकदीने नुकसानही केलं. १८९५ पासून विल्यम हर्स्ट यांच्या 'जर्नल'शी चढाओढ लागली. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवाना बंदरात 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका स्फोटात बुडाली, अडीचशेहून जास्त खलाशी गेले. कारण कळलेलं नसताना दोन्ही पेपरांनी भल्यामोठ्या हेडिंगांतून घातपाताचा संशय पेटवला. दोन महिन्यांत स्पेनशी युद्ध सुरू झालं. युद्धाला इतरही कारणं होती, पण अशा भडक पत्रकारितेला 'पिवळी पत्रकारिता' हे नाव चिकटलं ते याच चढाओढीच्या काळात.

पुढे पुलित्झर यांनी पेपरचा भडकपणा बराच कमी केला. शेवटची वीसेक वर्षं त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. ज्याने लोकांना पान बघायला लावलं, त्याला स्वतःचं पान दिसत नव्हतं. पेपर दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. २९ ऑक्टोबर १९११ रोजी ते वारले. त्यांनी ठेवलेल्या पैशातून कोलंबिया विद्यापीठात पत्रकारितेचं शिक्षण सुरू झालं आणि १९१७ पासून पुलित्झर पुरस्कार दिले जाऊ लागले.

चौथरा उभा राहिला तोही पहिल्या पानामुळे आणि संशय पेटला तोही पहिल्या पानामुळेच. हेडिंग वाचून मेसेज पुढे ढकलण्याआधी आतली बातमी वाचायची, ती याचसाठी.