लेखणीच्या पदरी

सुरतेत राहणाऱ्याला नर्मद हे नाव टाळता येत नाही. विद्यापीठाच्या नावात ते आहेत, आमलीरान भागात त्यांचं घर आहे, आणि 24 ऑगस्टला, त्यांच्या जन्मदिवशी, गुजराती भाषा दिवस साजरा होतो. आमचं कुटुंब खानदेशातून सुरतेत आलेलं, त्यामुळे माझी त्यांची ओळख तसबिरीपुरतीच होती. पण यंदा पदवी हातात येणार म्हटल्यावर घरात एकच विषय सुरू झाला : लिहिण्यावर पोट भरतं का? म्हणून मी नर्मदांचं आयुष्य नीट समजून घेतलं.

नर्मदाशंकर लालशंकर दवे यांचा जन्म 1833 चा, सुरतेचा. वडील मुंबईत लेखनिकाचं काम करायचे, म्हणजे लेखणीवर घर चालवायची रीत घरात होतीच. लहानपणी ते सुरतेत दुर्गाराम मेहताजींच्या शाळेत शिकले. याच दुर्गारामांनी 1844 मध्ये आपले व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्याबरोबर सुरतेत मानवधर्मसभा काढली होती. पुढे मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण, मग रांदेरच्या शाळेत आणि नंतर मुंबईत शिक्षकाची नोकरी.

23 नोव्हेंबर 1858 रोजी त्यांनी ती नोकरी सोडली. वय 25. घरी येऊन भरल्या डोळ्यांनी लेखणीकडे पाहिलं आणि यापुढे आपण हिच्याच पदरी, असं ठरवलं. गुजरातेत हा प्रसंग शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. त्यानंतरची वर्षं मात्र फारसं कुणी सांगत नाही.

त्या काळी पुस्तक विकत घेऊन वाचणारे किती असणार? मिळकत बरीचशी शेठजींच्या आश्रयावर. आणि नर्मदांचा स्वभाव आश्रितासारखा नव्हता. 1864 मध्ये त्यांनी मित्रांबरोबर ‘दांडियो’ हे पाक्षिक काढलं आणि ढोंगावर सपासप प्रहार केले. विधवाविवाहाच्या बाजूने नुसतं लिहिलं नाही, तर स्वतः विधवेशी लग्न केलं. त्यातच 1865 मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईचा शेअरबाजार बुडाला. मोठमोठे शेठ रस्त्यावर आले, मग कवीला कोण विचारणार? कर्ज वाढत गेलं.

तरी एक काम त्यांनी सोडलं नाही. ते म्हणजे ‘नर्मकोश’. एकट्याने केलेला, पंचवीस हजारांहून जास्त शब्दांचा गुजराती कोश. साठच्या दशकाच्या सुरुवातीला हाती घेतलेलं हे काम 1873 मध्ये पूर्ण छापून झालं. या कामाचा पगार देणारं कुणीच नव्हतं. पुढे इतिहास लिहिला, नाटकं लिहिली. पण घरखर्चाची तोंडमिळवणी होईना. शेवटी 1882 मध्ये, पन्नाशीला टेकताना, त्यांनी मुंबईत गोकुळदास तेजपाल यांच्या धर्मादाय संस्थेत नोकरी धरली. चोवीस वर्षांचा नेम मोडला. त्याचं दुःख त्यांना फार झालं. फेब्रुवारी 1886 मध्ये मुंबईतच ते वारले.

नेम मोडला म्हणजे नर्मद हरले, असं मला वाटत नाही. मला वाटतं, नेमच जरा चुकीच्या गोष्टीचा होता. पैसा कुठून घ्यायचा नाही, याची त्यांनी शपथ घेतली. मागे उरलं ते मात्र पुरं केलेलं काम. समजा, शपथ फक्त कोश पुरा करण्याची असती, तर नोकरी हे नुसतं साधन ठरलं असतं, आणि शेवटची चार वर्षं त्यांनी अपराध्यासारखी काढली नसती. अर्थात, नोकरीत राहून बारा-तेरा वर्षं कोश रेटला असता का, हा प्रश्न उरतोच. मला त्याचं उत्तर ठामपणे देता येत नाही.

मित्रांनो, आपल्या मंडळात लिहिणारे, चित्रं काढणारे, नाटक करणारे पुष्कळ आहेत. नोकरी की कला, यावर आपण कँटीनमध्ये तासन्‌तास भांडतो. त्याऐवजी वहीत दोन रकाने आखून बघा : एकात महिन्याचा खर्च, दुसऱ्यात कुठलं काम कधीपर्यंत पुरं करायचं ते. मी आखलेत. पहिल्या रकान्यासाठी जूनपासून अर्धवेळ मुद्रितशोधनाचं काम घेतलंय. दुसऱ्यात एकच ओळ आहे : एकांकिका, दिवाळीपर्यंत.