ससून नावाचा माणूस

घरात कुणी फार आजारी पडलं आणि खिसा रिकामा असला, की पुण्याला ससूनला न्या, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. सामाजिक कामाच्या निमित्ताने मीही कितीतरी बायाबापड्यांना तिथे घेऊन गेले आहे. पण मैत्रिणींनो, ससून हे एका माणसाचं आडनाव आहे, हे आपल्यातल्या किती जणींना ठाऊक असतं?

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ मध्ये बगदादच्या ज्यू घराण्यात झाला. वडील तिथल्या पाशाचे खजिनदार. पुढे छळ सुरू झाला, तेव्हा हे कुटुंब जीव मुठीत धरून निघालं आणि इराणमार्गे १८३२ च्या सुमारास मुंबईला आलं. कापूस, कापड आणि चीनशी चालणारा अफूचा व्यापार, यातून त्यांनी अमाप पैसा कमावला. आठही मुलगे हाताशी आले, परदेशांत पेढ्या निघाल्या.

अफूचं वाचलं आणि मन खट्टू झालं. व्यसनाने मोडलेले संसार मी जवळून बघते. तेव्हा हा धंदा इथे कायदेशीर होता, हे खरं. पण चीनमधल्या किती घरांची त्याने धूळधाण झाली असेल! दानाने ते पुसलं जात नाही. तरीही आसरा शोधत आलेल्या या माणसाने आपल्या समाजापुरतं पाहिलं नाही, हेही तितकंच खरं. पुण्याचं रुग्णालय, अपंग-निराधारांसाठी आश्रम, मुंबईचं वाचनालय, सगळीकडे त्यांनी सढळ हाताने दिलं. जातधर्म विचारला नाही.

त्यांची सून फराह हीसुद्धा तेवढीच खमकी. नवरा १८९४ मध्ये गेल्यावर तिने मुंबईची पेढी स्वतः सांभाळली. हाफकिन यांच्या लशीला लोक घाबरत होते, तेव्हा तिने स्वतः टोचून घेऊन धीर दिला.

डेव्हिड ससून ७ नोव्हेंबर १८६४ ला पुण्यात वारले. रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झालं, ते बघायला ते उरले नव्हते. पुणे कॅम्पातल्या ज्यूंच्या लाल देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे. कधी त्या बाजूला गेलात, तर परवानगी काढून जरूर बघून या. ज्यांच्या नावाने आपली माणसं बरी होऊन घरी येतात, त्यांना एक नमस्कार तरी करायला हवा ना!